आईने गालिचा धुतला

"आई, माझा गालिचा कुठाय?"

"धुतला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "काय अवतार झाला होता त्याचा! आज एवढी माणसं बघणार, म्हटलं, आपली अब्रू जायला नको."

ठोक्या मागच्या खोलीच्या दारातच मटकन खाली बसला. लहानपणी डबे आणि झाकणं ठोकायचा म्हणून हे नाव पडलं होतं, ते चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. अठरा वर्षं तो एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत होता, आणि अठरा वर्षं त्या बँडने भर दुपारी, लोक जेवणाच्या रांगेत उभे असताना, वाजवलं होतं. आज पहिल्यांदाच शहराबाहेरच्या मैदानावर, तीन दिवसांच्या महोत्सवाचा शेवटचा आणि मुख्य कार्यक्रम त्यांचा होता. समोर चाळीस हजार माणसं असणार होती.

आता एका गालिच्यासाठी एवढा घोर कशाला, असं कुणाला वाटेल. पण हा गालिचा शोभेचा नव्हता. तो ड्रमखाली अंथरायचा आणि त्याच्यावर रंगीत चिकटपट्ट्या होत्या. लाल पट्टीवर मोठ्या ड्रमचा पाय, पिवळीवर झांजेचा स्टँड, निळीवर स्टूल. स्टेजवरचे कामगार पट्टी बघून त्यावर ती ती वस्तू ठेवत. डोकं चालवायचं नाही हीच तिथली रीत. दोन बँडच्या मधे मिळतात वीस मिनिटं.

"आणि पट्ट्या?" त्याने विचारलं.

"ती चिकट घाण होय? अर्धा तास खरवडत होते. नखं गेली माझी."

मागच्या खोलीतले सगळे ड्रम कालच ट्रकमधून गेले होते. गालिचा मात्र ठोक्या कुणाच्या हाती देत नसे, म्हणूनच तो घरी राहिला आणि म्हणूनच तो आईच्या तावडीत सापडला. आता तो बाल्कनीत निथळत होता आणि घड्याळात अकरा वाजले होते. ठोक्याने इस्त्री, केस वाळवायचं यंत्र आणि हीटर असं सगळं एकदम लावलं. फटकन आवाज झाला आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका अडकले. त्यांना बाहेर काढून त्यांचं बोलणं ऐकून घेईपर्यंत दीड वाजला. गालिचा होता तितकाच ओला होता.

"गाडीच्या टपावर टाक," आई म्हणाली. "वाऱ्याने वाळेल. मी खिडकीतून टोक धरते."

म्हणजे आईही मैदानावर येणार. मुलाखतींमधून तो "मी एकटाच राहतो" असं सांगायचा. रॉक बँडचा ड्रमर आईकडे राहतो, हे काही बरं दिसत नाही. अठरा वर्षांत त्याने तिला एकाही कार्यक्रमाला नेलं नव्हतं. आवाज सोसणार नाही तुला, असं सांगून मोकळा व्हायचा. पण टोक धरायला दुसरं होतंच कोण?

गालिचा वाऱ्याने खरंच वाळत आला होता. शेवटचे तीन किलोमीटर मात्र कच्चा रस्ता निघाला, आणि पुढे ट्रकची रांग. सगळी धूळ गालिच्यावर बसली.

"माझी सकाळची मेहनत मातीत गेली," आई हळहळली.

"माझी अठरा वर्षांची जातेय, त्याचं काय?" ठोक्या ओरडला. आईने नुसतं गालिच्याचं टोक आणखी घट्ट धरलं, आणि त्याला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

ते पोचले तेव्हा आवाजाची चाचणी कधीच आटोपली होती. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "ह्या कोण?"

"गालिचा धरायला आल्यात," ठोक्या म्हणाला. रखवालदाराने आईच्या गळ्यात 'तंत्रज्ञ' असं लिहिलेला पास अडकवला.

सव्वासातला आधीचा बँड उतरला. स्टेजची व्यवस्था बघणारी बाई गळ्यात घड्याळ अडकवून उभी होती. "वीस मिनिटं. नऊला वीज बंद, मग तुमचं गाणं अर्धं राहिलं तरी मी ऐकणार नाही," ती म्हणाली आणि गालिच्याकडे बघून थबकली. "पट्ट्या कुठायत?"

"धुतल्या."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की ठोक्याला अठरा वर्षं मागे जावंसं वाटलं. जागा त्याला स्वतःला सांगता येईनात. रोज चढतो त्या जिन्याच्या पायऱ्या कुणी मोजतं का? त्याने जुने फोटो काढले. सगळ्यांत गायक पुढे आणि मागे ठोक्याचे फक्त केस. अंदाजाने मांडून तो बसला, डोळे मिटून हात मारला, आणि काठी हवेतून थेट त्याच्याच गुडघ्यावर आली.

"बारा मिनिटं!" बाई ओरडली. कार्यक्रमाची सुरुवातच त्याच्या एकट्याच्या ठोक्यांनी व्हायची होती.

"सरक बाजूला," मागून आवाज आला. आईने पदर खोचला होता. "अठरा वर्षं मी मागच्या खोलीत तुझ्या ह्या ड्रमखालून केर काढतेय. हे समज कपाट. ही खिडकी. अहो भाऊ, तो तीन पायांचा इकडे आणा. अजून. अजून थोडा." तिने चप्पल काढून पायाची करंगळी पुढे केली. "हां, बस! इथेच दोनदा मोडलीय ती."

मग झांजा. आई केर काढायला वाकल्यासारखी वाकून उभी राहिली. "हे ताट माझ्या कपाळाला लागतं. वर करा. लागलं! दुसरं कानाला." कॅमेरेवाल्याला राहवलं नाही. मैदानावरच्या प्रचंड पडद्यावर वाकलेली आई दिसू लागली आणि चाळीस हजार माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"कोण रे ह्या?" गायकाने घाबरून विचारलं.

"माझी आई."

"तू एकटा राहतोस ना?"

ठोक्याने वाकून झांजेचा स्टँड घट्ट केला. आईने शेवटी स्टूल उचललं आणि वीतभर मागे ठेवलं.

"आई, तिथे नव्हतं ते!"

"घरी मागे कपाट होतं. आयुष्यभर पोट आत घेऊन वाजवलंस. आता नीट बस."

दिवे पेटले. ठोक्याने डोळे मिटले, मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागितली आणि हात उचलला. काठी झांजेवर पडली. दुसरी ड्रमवर पडली. तिसऱ्या ठोक्याला त्याच्या लक्षात आलं, की कोपर कशालाच लागत नाहीये. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो पूर्ण श्वास घेऊन वाजवत होता. मैदान गरजलं. शेवटच्या गाण्याला त्याने कडेला पाहिलं. आईने कानातले कापसाचे बोळे काढून मुठीत धरले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. त्याचेही आले, पण हात मोकळे नव्हते.

नऊला दोन मिनिटं असताना सगळं संपलं. स्टेजची बाई चिकटपट्टी घेऊन धावली, जागा आखून ठेवायला. आईने तिचा हात धरला.

"खबरदार! गालिच्याला चिकट लावायचं नाही."

"मावशी, शुक्रवारी दुसऱ्या शहरात हाच कार्यक्रम आहे. मांडणार कसं?"

"शुक्रवारी मला दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय."

ठोक्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, तारीख बदल ना. प्लीज. तुला आवाज सोसला ना?"

"सोसला की. अठरा वर्षं भिंतीआडून ऐकतेय. बोलावलं कधी नाहीस." तिने गालिचा गुंडाळायला घेतला. "आणि मी आले तर मुलाखतीत काय सांगणार? एकटाच राहतो म्हणून? सगळ्या वाचते मी. कात्रणं आहेत कपाटात."

गायक बघत होता, बाई बघत होती. ठोक्याचे कान लाल झाले. "दवाखाना किती वाजेपर्यंत असतो?" त्याने हळूच विचारलं.

"साडेनऊ."

त्याने फोन काढला. पलीकडून कुणीतरी उचलला, पण मैदानावर अजून आरडाओरडा चालू होता. त्यामुळे सगळ्या स्टेजला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याला सांगावं लागलं,

"हॅलो! माझ्या आईची शुक्रवारची वेळ बदलायची होती. मी त्यांचा मुलगा बोलतोय. हो, त्यांच्याकडेच राहतो."