बेल्ट, डिस्क आणि पाळणा

लेकीला सातवा महिना लागला त्या दिवशी पाळण्याची स्थिती अशी होती : चौकट तयार, तळ तयार, दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा पट्ट्या कापून तयार, आणि त्या सोळाही पट्ट्या इतक्या खरबरीत, की नुसता हात फिरवला तरी बोटात कुसळ घुसावं. पाळण्याशेजारी एक जाडजूड वही पडलेली होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘सँडर : तौलनिक अभ्यास’.

“अहो, बाळ येईल, रांगेल, शाळेत जाईल,” बायको म्हणाली, “आणि मग तेच तुम्हाला मशीन निवडून देईल.”

“घाईघाईत घ्यायची वस्तू नाही ती,” ग्रंथपाल म्हणाले. “आयुष्यभर वापरायची आहे.”

“मला बरं एका भेटीत पसंत केलंत!”

ग्रंथपालांनी वहीचं पान उलटलं.

कॉलेजच्या ग्रंथालयात तेहेतीस वर्षं काढल्यामुळे प्रत्येक गोष्टीला नंबर द्यायची आणि शेजारच्या गोष्टीशी ताडून बघायची त्यांना सवय लागली होती. निवृत्तीनंतर ते सुतारकामाकडे वळले. नातवंडाचा पाळणा आपल्या हातांनी करायचा, हे त्यांनी लेकीला आपण होऊन सांगितलं होतं, आणि तेही जावयासमोर. त्यामुळे माघार नव्हती. पट्ट्या हातानं घासायला त्यांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी उजवा खांदा संपावर गेला.

“हात वर करा,” डॉक्टर म्हणाले. हात कानापर्यंत गेला आणि ग्रंथपाल “आई गं!” म्हणाले. “पॉलिशपेपर बंद. मशीन घ्या, नाहीतर सरळ तयार पाळणा विकत आणा.”

यातलं ‘नाहीतर’च्या पुढचं ग्रंथपालांना ऐकूच आलं नाही.

मशीन म्हणजे बेल्ट आणि डिस्क सँडर. एकाच मोटरवर एका बाजूला पॉलिशपेपरचा पट्टा धावतो, दुसऱ्या बाजूला पॉलिशपेपरचीच तबकडी गरगर फिरते. लाकूड टेकवायचं, गुळगुळीत करून घ्यायचं. इतकं सोपं. पण ग्रंथपालांनी सल्ला विचारला, आणि तोही दोघांना विचारला.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त फोरमन राहत. सगळी नोकरी यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते ‘चहा घेणार का?’ हेसुद्धा ओरडून विचारत. “बेल्ट बघा, बेल्ट!” ते गरजले. “डिस्क काय, शोभेला असते!”

बायकोचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर होता. तो म्हणाला, “भावोजी, ऐकू नका त्यांचं. सगळी नजाकत डिस्कमध्ये असते. मी रोज हेच करतो.”

“तुम्ही गिऱ्हाइकाला बधिर करून करता!” फोरमन म्हणाले. “लाकूड बधिर होत नाही!”

खरं तर दोन्ही गोष्टी एकाच मशीनवर असल्यामुळे भांडणाचं कारण नव्हतं. पण बाजारात तीन मशिनं होती. लाल मशीनचा बेल्ट रुंद होता आणि डिस्क छोटी. निळ्याचं नेमकं उलटं. करड्याचं दोन्ही बेताचं. म्हणजे भांडणाला आता बसायला तीन खुर्च्या मिळाल्या. वहीची चाळीस पानं भरली. लेकीला आठवा लागला.

हत्यारांच्या दुकानातल्या बाई हे सगळं पंधरा दिवस ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “काका, वाचून मशीन कळतं होय? तुमचं लाकूड आणा आणि चालवून बघा. तिन्ही जोडून ठेवते.”

हे बोलायला नको होतं, असं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला वाटलं. दहाला ग्रंथपाल तीन पट्ट्या घेऊन आले होते, प्रत्येक मशीनला एक. पहिली पट्टी त्यांनी लालच्या धावत्या बेल्टवर अलगद ठेवली, एखादं पुस्तक टेबलावर ठेवावं तशी. बेल्टनं ती हातातून हिसकावली आणि भिरकावली. पट्टी गल्ल्यावरून गेली, रंगाच्या डब्यांचा मनोरा रचून ठेवला होता त्याच्या मध्यावर बसली आणि मनोरा खाली आला. एका डब्याचं झाकण निघालं. फिकट हिरवा रंग वाहत वाहत बाईंच्या खुर्चीपर्यंत पोचला.

“काका,” बाई पाय वर घेऊन म्हणाल्या, “ती पुढे अडणी दिली आहे ना, तिला टेकवून धरायचं असतं.”

ग्रंथपालांनी माफी मागितली, फरशी पुसली आणि वहीत नोंद केली : ‘लाल : जोर उत्तम.’

संध्याकाळी घरी त्यांच्या लक्षात आलं, की तीन पट्ट्यांपैकी एकीत गाठ होती. म्हणजे तुलना न्याय्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी तीन पट्ट्या घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी फोरमन बरोबर आले. “असं गोंजारून काय होतंय? असं दाबायचं!” म्हणत त्यांनी सगळा भार टाकून पाच पट्ट्या बेल्टवरून काढल्या. पट्ट्या गुळगुळीत झाल्या आणि चांगल्या हडकल्याही. चौथ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मेहुणा आला. तोंडाला मास्क, कपाळाला दिवा. उरलेल्या पाच पट्ट्यांच्या कडा त्यानं डिस्कवर इतक्या हळुवार गोल केल्या, की शेवटची पट्टी खाली ठेवताना सवयीनं “चूळ भरा” असं म्हणाला. मग त्यानं फोरमनच्या पाच पट्ट्याही पिशवीतून काढल्या आणि “हे काम कोणी केलंय?” असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून केलं.

चार दिवस दुकानासमोर गर्दी होती. लोक प्रश्न विचारत, ग्रंथपाल वहीतून उत्तरं देत. हस्तकलेचे एक शिक्षक लाल मशीन घेऊन गेले. फोटोच्या चौकटी करणाऱ्यानं निळं उचललं. चौथ्या दिवशी दुपारी ग्रंथपालांनी वही मिटली, चष्मा काढला आणि घसा साफ केला.

“बाई, ठरलं. करडं.”

“करडं मघाशीच गेलं, काका.”

“गेलं? कुणाकडे?”

“तुम्ही अर्धा तास ज्यांना त्याचे गुण समजावून सांगत होता ना, त्यांच्याकडे. नवा माल महिन्याभरानं येईल.”

ग्रंथपाल स्टुलावर बसले. लेकीला आता नववा लागला होता. वही ठेवायला त्यांनी पिशवीत हात घातला आणि तो तसाच थांबला. एक पट्टी बाहेर काढली. दुसरी काढली. सोळाच्या सोळा बाहेर काढल्या. एकीलाही कुसळ नव्हतं. काम झालं होतं. निवडता निवडता सगळं घासून झालं होतं. ते घरी गेले ते जवळजवळ उड्या मारतच.

उड्या पाळण्याशी येऊन थांबल्या. चौकटीतल्या खाचा त्यांनी पट्ट्यांच्या मूळ जाडीला अगदी तंतोतंत कोरल्या होत्या. आणि पट्ट्यांची जाडी आता तीन मशिनं आणि तीन माणसं मिळून ठरवून बसली होती. एक पट्टी सरकत होती, एक डुगडुगत होती, फोरमनच्या पाच तर खाचेत गिरक्या घेत होत्या. बायकोनं पाळण्याला एक झोका दिला. खडखड, खडखड, खडखड.

“अहो, हा पाळणा आहे की हातगाडी?”

“दोन दिवस दे,” ग्रंथपाल पडेल आवाजात म्हणाले. “नव्या पट्ट्या करतो.”

दोन दिवस मिळाले नाहीत. नात तीन आठवडे आधीच आली. वजन छान, तब्येत छान, आणि आवाज असा, की दवाखान्यातल्या सिस्टर मायलेकींना घरी जायची परवानगी मिळाल्यावर मनापासून हसल्या. लेक दोन-तीन महिने आईकडेच राहणार होती. घरी आल्यापासून नात रडत होती. लेकीनं घेतलं, आजीनं घेतलं, जावयानं घाबरत घाबरत घेतलं. शेवटी सगळ्यांचे हात भरून आले आणि ठेवायला जागा एकच होती.

“तिथे नको,” ग्रंथपाल म्हणाले, पण तोवर तिला पाळण्यात ठेवून झालं होतं. त्यांनी लाजेनं डोळे मिटून घेतले. बायकोनं झोका दिला. खडखड, खडखड, खडखड.

रडणं थांबलं. ग्रंथपालांनी एक डोळा उघडला. नात छताकडे बघत होती. मग तिनं एक भलीमोठी जांभई दिली आणि झोपून गेली, ती तीन तास.

त्यानंतर घरात सगळं सुरळीत चाललं होतं. एकट्या ग्रंथपालांचं चाललं नव्हतं. प्रत्येक झोक्याला त्यांना वाटे, पाळणा आपली चुगली करतो आहे. भेटायला येणारी माणसं आधी बाळाकडे बघत आणि मग पाळण्याकडे. महिन्याभरानं दुकानातल्या बाईंचा फोन आला, माल आला म्हणून. ग्रंथपाल गेले आणि दारात जे खोकं हाताला लागलं ते घेऊन आले. ते कुठल्या रंगाचं होतं हे त्यांनी घरी येऊन पाहिलं.

मशीन गॅलरीत बसलं. आठवडाभर खपून त्यांनी सोळा नव्या पट्ट्या केल्या, सगळ्या एका मापाच्या. मग एका दुपारी नातीला अंघोळ घालत होते तेवढ्यात ग्रंथपालांनी जुन्या पट्ट्या काढून नव्या ठोकून बसवल्या. जुन्या फोरमन घेऊन गेले आणि त्यांनी त्या लगोलग कुंड्यांमध्ये वेलांना आधार म्हणून रोवल्या. झोका दिला. पाळणा लोण्यातून सरकावा तसा हलला. हूं की चूं नाही. तेहेतीस वर्षं ग्रंथालयात त्यांना जशी शांतता हवी होती, नेमकी तशी शांतता.

नातीला पाळण्यात ठेवलं. तिनं एक झोका वाट पाहिली, दुसरा पाहिला, आणि तोंड उघडलं.

तासाभरानं लेक म्हणाली, “बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो?”

“अगं, पण तो खडखडत होता!”

“तीच तर झोपेची गोळी होती!” बायको म्हणाली. “पळा, आधी त्या जुन्या पट्ट्या आणा.”

ग्रंथपाल खाली पळाले. फोरमननी जुन्या पट्ट्या कुंड्यांच्या मापानं आखूड करून त्यांना टोकं काढली होती. खाचेपर्यंत एकही पोचली नसती. ते तसेच वर आले. त्यांनी पाळण्यातून एक नवी, निर्दोष पट्टी उपटली आणि गॅलरीकडे निघाले.

“किती पातळ करू?” त्यांनी रडण्याच्या वरताण आवाजात विचारलं.

“खडखडेल इतकी!”

त्यांनी बटण दाबलं. मोटर घरघरली, बेल्ट धावू लागला, डिस्क गरगरली. पट्टी टेकवणार तेवढ्यात त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरात रडणं ऐकू येत नव्हतं. काय झालं ते बघायला त्यांनी मशीन बंद केलं. रडणं सुरू झालं. त्यांनी चालू केलं. रडणं थांबलं. आतून बायकोनं गॅलरीचं काचेचं दार लोटून घेतलं आणि काचेतून बोट रोखून, ओठ हलवून सांगितलं : ‘आता बंद कराल तर याद राखा.’

ग्रंथपालांनी पट्टी खाली ठेवली आणि मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिले. दहा मिनिटांनी फोरमन जिना चढून वर आले. दारातूनच त्यांचा आवाज लागला, “अहो, मशीन मोकळं फिरतंय! लाकूड कुठे—” लेक आणि जावई दोघंही तोंडावर बोट ठेवून त्यांच्यावर धावून गेले. फोरमन चवड्यांवर चालत गॅलरीत आले, फिरत्या मशीनकडे बघत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले.

“मग काय निघालं शेवटी? खरं काम कशानं होतं? बेल्टनं की डिस्कनं?”

ग्रंथपालांनी काचेतून आत पाहिलं. पाळणा स्थिर होता आणि नात हाताच्या मुठी डोक्यावर घेऊन गाढ झोपली होती.

“मोटरनं,” ते म्हणाले.