राजाभाऊंच्या आकाशातलं चिनी रॉकेट

"या वेळी काहीही झालं तरी चुकणार नाही!"

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अल्फारेटा गावच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजाभाऊ बोरकुटेंनी डंका पिटला. "चिनी रॉकेटचा तुकडा शनिवारी संध्याकाळी आपल्या डोक्यावरून जळत जाणार! सर्वांनी आमच्या बॅकयार्डमध्ये जमावं. येताना एक खुर्ची आणि एक पदार्थ आणावा. आकाशाची व्यवस्था आमच्याकडे!"

त्यांच्या पत्नीनं, कांचनताईंनी, ते वाचलं आणि स्वयंपाकघरातूनच विचारलं, "अहो, आकाशाची व्यवस्था आमच्याकडे म्हणजे नेमकी कुणाकडे?"

"सायन्सकडे!" राजाभाऊ म्हणाले.

आता राजाभाऊ पेशानं विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतात. पण मंडळात त्यांना लोक ओळखतात ते चीनच्या रॉकेटांसाठी. चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती चीननं आणली, तेव्हा पेढे राजाभाऊंनी वाटले! चिनी अंतराळवीरांच्या यानाच्या खिडकीला तडा गेला आणि बिचाऱ्यांना दुसऱ्याच यानातून परत यावं लागलं, तेव्हा राजाभाऊंना जेवण गेलं नाही. एका खाजगी कंपनीचं रॉकेट नुसत्या चाचणीसाठी जमिनीला जखडून ठेवलेलं असताना सगळं तोडून उडालं आणि जवळच्या डोंगरात जाऊन आपटलं, तो व्हिडिओ तर त्यांनी कोजागरीला भिंतीवर मोठा करून दाखवला. लोक मसाला दूध विसरून बघत राहिले.

"काका, आपल्या इस्रोचे फॅन व्हा ना, यार!" मंडळाचा तरुण सेक्रेटरी प्रसाद म्हणायचा.

"आहेच की. पण इस्रोचं काही आमच्या तालुक्यात पडलं नाही!"

खरी गोम इथंच होती. राजाभाऊ चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचे. ते नऊ वर्षांचे असताना अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून सगळीकडे हाकाटी झाली होती. आता जग बुडणारच म्हणून गावातल्या लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, मुलीच्या लग्नासाठी राखलेलं तूप पुरणपोळीवर ओतलं. राजा आणि त्याचा जिवलग दोस्त देवराव मात्र शाळेच्या कौलांवर चढून बसले. घाबरून नव्हे, आशेनं! आपल्या गावात पडली तर आपलं गाव भूगोलाच्या पुस्तकात येईल, अशी देवरावची खात्री होती. दोघं पावसात भिजत बसले, मास्तरांनी खाली उतरवून छड्या दिल्या, आणि स्कायलॅब पडली ऑस्ट्रेलियात.

"आपल्या गावाले कोन विचारते बे!" देवराव तेव्हा रडत म्हणाला होता.

त्यानंतर राजाभाऊ नागपूरला शिकले, अमेरिकेत आले, घर झालं, केस गेले. देवराव तिथंच राहिला. आणि मग २०२२ साली, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चिनी रॉकेटचे तुकडे पेटत-पेटत आले आणि त्यातलं लोखंडी कडं पडलं कुठं? सिंदेवाही तालुक्यात! देवरावनं स्वतःच्या धानाच्या बांधावरून ती आग बघितली. दुसऱ्या दिवशी कड्याला हात लावून आला. आणि ते चाललं होतं त्या क्षणी राजाभाऊ काय करत होते? इंडियन ग्रोसरीत श्रीखंडाच्या रांगेत उभे होते! आणि शेवटचा डबाही पुढच्या बाईनं उचलला.

त्या दिवसापासून राजाभाऊंच्या मनाला एक सल लागून राहिला होता. आपण वाट बघत बसलो तेव्हा आभाळ दुसरीकडे गेलं, आणि ते गावाकडे आलं तेव्हा आपण तिथं नव्हतो. चीनवर त्यांचा जीव जडला तो असा. ज्या देशानं आपल्या तालुक्याची आठवण ठेवली, त्याची आपण नको का ठेवायला?

म्हणून शनिवारचा हा योग चुकवून चालणार नव्हतं. वेबसाइटवर लिहिलं होतं, "शनिवार संध्याकाळ, अधिक-उणे सहा तास." त्यातलं 'शनिवार संध्याकाळ' राजाभाऊंनी घेतलं. बाकीचं बारीक अक्षरात होतं.

शनिवारी बॅकयार्ड खुर्च्यांनी भरलं. कोणी ढोकळा आणला, कोणी पास्ता आणला. कुंपणापलीकडून शेजारचा डग बिअर घेऊन डोकावला. राजाभाऊंनी देवरावला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवारची पहाट. चौकातल्या चहाच्या टपरीवर फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि देवरावच्या मागे निम्मं गाव कानटोप्या घालून उभं!

"राजा, येऊन राहिलं का?"

"येतंय, येतंय! आता तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो!"

मधल्या वेळात राजाभाऊंनी एक छोटंसं भाषण ठोकलं. चीनची जुन्या पद्धतीची रॉकेटं विषारी इंधनावर उडतात, पडलेल्या तुकड्याला हात लावाल तर खबरदार, कातडी सोलून निघेल! नव्या खाजगी कंपन्या रॉकेल नाहीतर मिथेन वापरतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण तेवढ्यात गरम वडे आले आणि ते कोणी ऐकलं नाही.

सूर्य मावळला. काही आलं नाही. ढोकळा संपला. तरीही काही आलं नाही.

प्रसादनं फोनमध्ये डोकं घातलं. "काका, इथं अधिक-उणे सहा तास लिहिलंय! म्हणजे बारा तासांचा मामला झाला. तेवढ्यात तो तुकडा पृथ्वीभोवती आठ चकरा मारेल!"

"मारू दे ना. एक चकर आपल्यावरून असणारच!"

लोक घड्याळाकडे बघू लागले. दोघा-तिघांनी खुर्च्या घडी केल्या. टपरीवर कुणीतरी खाकरलं. राजाभाऊंचं तोंड एवढंसं झालं. देवरावला आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की अमेरिकेतही आपल्याला कोणी विचारत नाही?

तेवढ्यात शेडमागून आवाज आला. खडाम्! खडखडखड... धाड!

सगळे धावले. कुंपणाला टेकून एक भलं मोठं पोलादी पिंप पडलं होतं. काळं ठिक्कर, जळलेलं, अंगभर भोकं आणि तोंडाला जाड कडं! शेजारी प्रसादची सात वर्षांची केया हात मागे बांधून उभी.

"I didn't do anything!" ती म्हणाली.

"सापडलं!" प्रसाद ओरडला. त्यानं फोनवर सिंदेवाहीच्या कड्याचा फोटो शोधून ताडून पाहिला. "सेम टु सेम! हंड्रेड पर्सेंट मॅच!"

राजाभाऊंनी वाकून पाहिलं. ते पिंप त्यांनी ताबडतोब ओळखलं. तो त्यांच्याच जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम होता!

झालं होतं असं, की संक्रांतीच्या सुमारास राजाभाऊंना रोडग्यांची फार आठवण आली. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. गोवऱ्या त्यांनी ऑनलाइन मागवल्या आणि त्या या ड्रममध्ये पेटवल्या. धूर असा झाला की सोसायटीची नोटीस आली. "तो ड्रम आजच्या आज टाकून या!" असं कांचनताईंनी बजावलं. राजाभाऊ "टाकला" म्हणाले आणि शेडमागच्या पाल्याखाली दडवून आले. तिथून तो केयानं आज उकरून उतारावर सोडला होता.

आता बोलायलाच हवं होतं. राजाभाऊंनी तोंड उघडलं. पण हातातल्या फोनमधून देवराव किंचाळला, "सापडलं बे सापडलं! राजाच्या घरी पडलं!" आणि टपरीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टी मारली. देवरावनं डोळे पुसले.

राजाभाऊंनी उघडलेलं तोंड मिटलं.

कांचनताई ड्रमकडे निरखून बघत म्हणाल्या, "अहो, हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"टीव्हीवर!" राजाभाऊ घाईनं म्हणाले.

आणि मग प्रसादला भाषण आठवलं. "विषारी इंधन! केया, तू हात लावलास?"

"Maybe a little."

झाला गोंधळ! केयाला चार जणांनी उचलून नळाखाली धरलं. वडे गेले कचऱ्यात. ज्यांनी नुसतं पाहिलं होतं त्यांचेही डोळे चुरचुरू लागले. एका काकूंना चक्कर आली, त्या पास्त्यावर बसल्या. डगनं कुंपणापलीकडून फोन फिरवला आणि बघता बघता दोन लाल बंब दारात! शिरस्त्राणं चढवलेली माणसं उतरली, पिवळी पट्टी बांधली गेली, सगळ्यांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हाकललं. एक जण लांब काठीला यंत्र बांधून ड्रमकडे असा सरकू लागला, जणू आत नाग बसलाय.

"अंतराळातून पडलंय?" बंबाच्या कॅप्टनबाईंनी विचारलं. चांगल्या धिप्पाड बाई होत्या. "मग मला वॉशिंग्टनला कळवावं लागेल."

वॉशिंग्टन! इथून गोष्ट बीजिंगपर्यंत गेली असती आणि चीननं साबणाच्या वासावरून ड्रम ओळखला असता. पण सगळ्यांसमोर, आणि त्यातही देवरावसमोर, सांगायचं कसं?

"कांचन, फोन धर जरा. वरच्या बाजूला धर, देवरावला आभाळ दिसू दे." मग ते हळूच कॅप्टनबाईंना म्हणाले, "मॅडम, जरा गराजमध्ये येता? खाजगी आहे."

गराजचं दार त्यांनी खाली घेतलं आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. पुरावा म्हणून खिशातल्या ऑफिसच्या फोनवर संक्रांतीचे फोटो उघडून दाखवले. ड्रम, ड्रममध्ये निखारे, शेजारी हसरे राजाभाऊ.

कॅप्टनबाई आता दंड ठोठावणार, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. बाईंनी फोटो मोठा केला.

"हे राखेत काय पुरलंय?"

"रोडगे. आमच्या गावाकडचे. गव्हाचे."

"थेट राखेत?"

"थेट."

बाईंनी शिरस्त्राण काढून शेजारच्या नव्या वॉशिंग मशीनवर ठेवलं. "माझी आजी दक्षिण जॉर्जियात राहायची. चुलीच्या राखेत मक्याची भाकरी भाजायची. वरून राख फुंकायची आणि लोणी लावून आम्हा पोरांना द्यायची. तो वास मला नंतर कुठंच मिळाला नाही."

आता सांगा, यावर राजाभाऊ गप्प बसतील? त्यांचा चेहराच उजळला! राख किती गरम हवी, रोडगा कधी उलटायचा, फुटला की तूप कसं आत मुरतं, देवरावची आई पहिला रोडगा नेहमी राजाला कसा द्यायची, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. बाईंनी आजीच्या चुलीचं वर्णन केलं. राजाभाऊंचे डोळे पाणावले. बाईंचेही पाणावले. गराजमध्ये सिंदेवाही आणि दक्षिण जॉर्जिया एका चुलीपाशी शेकत बसले.

आणि बाहेर एकच गलका उठला.

"आssss! बघा, बघा! ओ माय गॉड! देवा रे!"

राजाभाऊंनी दाराचं बटण दाबलं. गराजचं दार आपल्या नेहमीच्या गतीनं वर जाऊ लागलं. इंच... इंच... राजाभाऊ जमिनीवर आडवे पडून खालून सरपटत बाहेर आले, उभे राहिले आणि वर बघितलं.

आभाळ गडद निळं, स्वच्छ. एका कडेला धुराची पुसट रेघ. तीही विरत चाललेली.

बॅकयार्डमध्ये सगळे तोंड उघडून उभे होते. काठीवाला काठी टाकून उभा होता. पास्त्यावर बसलेल्या काकूंची चक्कर गेली होती. "अहो, कुठं होता तुम्ही?" कांचनताई म्हणाल्या. "काय सुंदर होतं हो!"

फोनमध्ये तर नुसता जल्लोष चालला होता. देवराव नाचत होता. "राजा! पाह्यलं का बे? एकाचे दोन, दोनाचे दहा तुकडे, सारे पेटलेले! पाह्यलं ना?"

राजाभाऊंनी फोन हातात घेतला. खोटं बोलायला त्यांना एवढंसं 'हो' पुरलं असतं. पण त्यांनी खरं तेच सांगितलं.

"नाही रे देव्या. मी आत होतो. रोडग्यांचं सांगत होतो."

देवराव फोनच्या अगदी जवळ आला, इतका की त्याचं नाकच दिसू लागलं.

"बस खाली," तो म्हणाला. "मी सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. उंबराच्या झाडाएवढा जाळ, मागे पिलांसारखे धावणारे तुकडे, मध्येच हिरवा रंग, मध्येच केशरी. निम्मं तो वाढवून सांगत होता हे राजाभाऊंना समजत होतं. तरी ते गवतावर मांडी घालून, डोळे मिटून, पावसात कौलांवर बसल्यासारखे ऐकत राहिले. देवरावचा आवाज ऐकून त्यांना फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही.

ड्रमचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. कांचनताई त्या रात्री बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी बोलायच्या थांबल्या नाहीत.

मंगळवारी देवरावकडून तिकडच्या एका पेपरचं कात्रण आलं. चांगली चार कॉलमांची बातमी! 'अमेरिकेच्या आकाशातील चिनी रॉकेट सिंदेवाहीकरांनी पाहिले!' मध्यभागी फेटा बांधून आकाशाकडे बोट दाखवणारा देवराव. खाली 'प्रत्यक्षदर्शी' म्हणून त्याची सविस्तर मुलाखत. राजाभाऊंनी बातमी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. आपलं नाव शोधलं. अगदी शेवटी एक ओळ होती: "मोबाइल धरण्याचे सहकार्य सौ. कांचन बोरकुटे, अमेरिका, यांनी केले."

राजाभाऊंनी चष्मा पुसला. मग ते कात्रण मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, नागपूरच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, ऑफिसात कोणालाही मराठी येत नसताना तिथंही टाकलं. आणि प्रत्येक ठिकाणी खाली आवर्जून लिहिलं:

"वरील बातमीतील मोबाइल माझा आहे."