हैबतरावांची विलायत आणि धोंडाबाईंचा मोतीबिंदू

कोणत्याही देशाची काळजी त्या देशाबाहेर राहणाऱ्यालाच नीट करता येते. आतल्या माणसाला कामं असतात. या न्यायाने १९५८ साली इंग्लंडची काळजी सर्वांत चोख कुठे वाहिली जात असेल, तर ती भुकूमच्या पुढे पौड रस्त्यालगतच्या एका गावात, हैबतरावांच्या ओट्यावर.

हैबतरावांनी खडकीला लष्करी कोठारात एकवीस वर्षं कारकुनी केली. त्यांचा साहेब मायदेशी गेला तरी आठवणीने लंडनचं साप्ताहिक बोटीने धाडी. ते वाचून हैबतराव कट्टर हुजूरपक्षी झाले. (गावात हुजूर पक्षाचे सभासद एक, मजूर पक्षाचे शून्य. इतकं निर्विवाद बहुमत त्या पक्षाला लंडनातही कधी मिळालं नसेल.) रोज सकाळी अंकाची घडी उलगडून ते विलायतेतल्या मजूर सरकारचे वाभाडे काढत, आणि ग्रामपंचायत दर महिन्याला त्या सरकारच्या राजीनाम्याचा ठराव करी. विहिरीतला गाळ हा विषय चार वर्षं ‘वेळेअभावी पुढे’ जात होता. पण कोणी कुरकुरलं नाही. विहिरी काय, गावोगाव असतात. साम्राज्य एकदाच बुडतं.

त्या वर्षी जिल्ह्याहून पत्र आलं. डोळ्यांचं मोफत शिबिर, मोतीबिंदू काढणार, चष्माही फुकट. शाळेची इमारत द्याल काय? सरपंच कोंडाजी रीतीप्रमाणे पत्र घेऊन हैबतरावांकडे आले.

इथे एक अडचण होती. हैबतरावांच्या पत्नीला, धोंडाबाईंना, दोन वर्षं मोतीबिंदू होता. आमटीत मिठाऐवजी धुण्याचा सोडा पडे (हैबतरावांना चव कळत नसे, ते विलायतेच्या चिंतेत असत). धाकट्या नातवाचं तोंड तर त्यांनी हातानेच चाचपून पाहिलं होतं.

पण तत्त्व ते तत्त्व. पंचायतीत हैबतराव सव्वा तास बोलले. फुकट चष्मे आणि फुकट कवळ्या वाटूनच मजूर सरकारने इंग्लंडची वाट लावली. माणसाला फुकटात दिसू लागलं की तो कष्टाने बघायचं सोडतो. “आज फुकट डोळे घ्याल, उद्या फुकट दात मागाल!” असं ते गरजले तेव्हा सदस्य भिकूने तत्काळ अनुमोदन दिलं. भिकूच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. ठराव क्रमांक ४१ : इंग्लंडच्या हितार्थ शिबिर नामंजूर. शिबिर शेजारच्या उरवडे गावाला गेलं.

घरी धोंडाबाई म्हणाल्या, “तुमच्या विलायतेचं भलं व्हवो. पर तुमचं तोंड मी शेवटचं कवा बघितलं, त्ये सुदिक मला आठवंना.”

हैबतरावांनी हातातला अंक खाली ठेवला. पण सव्वा तासाचं भाषण परत कसं घ्यायचं? “मी तत्त्वाला बांधलेला आहे,” ते म्हणाले.

“मी न्हाई,” असं म्हणून शेजारच्या बीबीजानचा हात धरून त्या उरवड्याला चालत्या झाल्या.

तीन आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा लावून त्या परतल्या. ओट्यावर सभा भरली होती. हैबतराव अंक हातात धरून सरकारवर कडाडत होते. धोंडाबाईंनी आधी नवऱ्याचं तोंड डोळे भरून पाहिलं. मग अंक पाहिला.

“ह्यो हळदीचा डाग माजाच हाय,” त्या म्हणाल्या. “थोरलीच्या लगनातला. तिला आता तीन पोरं हायेत.”

ओट्यावरच्यांनी वाकून अंकावरची तारीख पाहिली. साहेब सात वर्षांपूर्वीच वारला होता आणि अंक तेव्हाच थांबले होते. (मजूर सरकारही त्याच साली पडलं. म्हणजे पंचायतीचे कित्येक ठराव मांडण्याआधीच अंमलात आले होते. असा कारभार तालुक्यात दुसरीकडे नाही.)

“विलायतेत सगळं सावकाश चालतं,” हैबतराव म्हणाले.

हे सर्वांना पटलं. भिकूने राजीनाम्याचा ठराव पुन्हा मांडला आणि तो एकमताने संमत झाला.

वाचकहो, हसा खुशाल. पण काल चहा पिता पिता ज्या सरकारला तुम्ही शिव्या घातल्यात, त्याच्याबद्दलचं तुमचं मत कुठल्या सालचं आहे? आणि हे घरच्यांना विचारायला जाऊ नका. त्यांना दिसतं.