पुरावा पुसू नये

सकाळी सव्वासात वाजता, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, वकील पडला.

वकील म्हणजे अजून वकील नव्हे. कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं त्याच आठवड्यात इमारतीनं त्याला ही पदवी देऊन टाकली होती. विद्यापीठ तितकं उदार निघालं नाही. मागच्या खेपेला सगळे विषय सुटले आणि एकटा टॉर्ट राहिला. टॉर्ट म्हणजे एकाच्या चुकीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते कुणी भरून द्यायचं याचा कायदा. त्याची फेरपरीक्षा त्याच दिवशी अकरा वाजता होती.

बाबांचं पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचं दुकान होतं. "या वेळी सुटला तर पुढे शीक. नाही सुटला तर दुकानात यायचं," एवढंच ते म्हणाले होते, आणि आवाज न चढवता म्हणाले होते. बाबा ओरडून बोलले की संध्याकाळपर्यंत विसरतात. हळू बोललेलं बदलत नाही.

वकिलाला मात्र चिंता नव्हती. "टॉर्ट आता माझ्या हातचा मळ आहे," असं त्यानं आदल्या रात्री जेवताना जाहीर केलं होतं.

"मग हात धुऊन बस," ताई म्हणाली. ताई इस्पितळात नर्स होती आणि रोज खरी दुखणी बघत असल्यामुळे घरातल्या कुणाचंच तिला फारसं वाटत नसे.

तर सकाळी तो गच्चीवरून घरी येताना उजळणी करत जिना उतरत होता. हातात पुस्तक, ओठांवर निष्काळजीपणाचे तीन घटक: काळजी घेण्याचं कर्तव्य, त्या कर्तव्याचा भंग, आणि त्यातून झालेलं नुकसान. भंगापर्यंत आला आणि पाय निसटला. पुस्तक एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि वकील बुडावर, पाण्यात.

आधी त्याला राग आला. मग आपण कशात बसलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो रागातच हरखला. वळणावर परातीएवढं पाणी साचलेलं होतं. सार्वजनिक जिना, निसरडी फरशी, सूचना नाही, पाटी नाही. आख्खा टॉर्ट त्याच्या पँटीला चिकटला होता.

तो उठला, खाली दुसऱ्या मजल्यावर घरी गेला आणि आईला म्हणाला, "जिन्यात पाणी आहे. कुणी पुसायचं नाही."

आईच्या हातात फडकं होतंच. "का रे?"

"पुरावा आहे."

"कसला पुरावा? तू पडलास का?"

"पडलो."

"लागलं का कुठे?"

इथे वकील थांबला. त्यानं कोपर पाहिलं, गुडघा पाहिला, आरशापुढे उभा राहून पाठ वळवून पाहिली. साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. कर्तव्य होतं, भंग होता, आणि नुकसानीच्या जागी एक ओली पँट. स्वतःच्या शरीराचा त्याला इतका संताप कधी आला नव्हता. एरवी दाराला नुसता हात लागला तरी हिरवंनिळं होणारं हे अंग, आज गरजेच्या वेळी ठणठणीत.

"मानसिक धक्का बसलाय," तो म्हणाला.

"तो जन्मापासून आहे," ताई चहा पिता पिता म्हणाली. "पुस ना ते पाणी. कुणीतरी पडेल."

"तेच तर. पुसलं तर सिद्ध काय करणार?"

त्यानं कपडे बदलले, खडू घेतला आणि वळणावर जाऊन पाण्याभोवती नीट गोल रिंगण काढलं. मग फोनवर चारी बाजूंनी फोटो काढले. एका फोटोत मापासाठी पट्टी ठेवली. मग वर गेला.

बरोबर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या दारात कुंड्यांची रांग होती. आरोपी शोधायला एवढं पुरेसं होतं.

"काकू, तुमच्या कुंड्यांचं पाणी जिन्यात उतरतं."

"माझ्या कुंड्यांना मी संध्याकाळी पाणी घालते," काकू म्हणाल्या. "सकाळी घातलं तर तुझ्या बापाला सांगून घालीन."

"काळजी घेण्याचं कर्तव्य तुमच्यावर आहे. शेजारी म्हणून."

"शेजारी म्हणून? तुला गोवर आला होता तेव्हा तुझ्या आईजवळ कोण बसलं होतं? आणि तू मला कर्तव्य सांगतोस? बाबांना विचार माझा मिक्सर झाला का. किती दिवस झाले, 'आज देतो, आज देतो' चाललंय."

"विषय बदलू नका, काकू."

"विषय तुझा राहिलाय रे बाळा, माझा नाही."

दार लागलं. वकिलाचे कान तापले. याला कायद्यात साक्षीदार प्रतिकूल होणं म्हणतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि परत वळणावर येऊन दोन पायऱ्या वर बसला. पुस्तक मांडीवर. पुराव्यावर लक्ष राहील आणि अभ्यासही होईल, असा बेत होता. आईनं एकदा फडकं घेऊन डोकावून पाहिलं. त्यानं नुसता हात वर केला. आई आत गेली.

सेक्रेटरी खालून वर आले. इमारतीच्या पंपापासून दिव्यांपर्यंत सगळ्याचा कारभार ते बघत आणि त्यांच्या परवानगीशिवाय भिंतीवर खिळासुद्धा ठोकलेला त्यांना खपत नसे. खडूचं रिंगण त्यांना अर्ध्या जिन्यातूनच दिसलं.

"हे कुणी रंगवलं?"

"मी. काका, जरा..."

"जिना काय तुझी पाटी आहे?" असं म्हणत रिंगण नीट बघायला ते वाकले, एक पाय पुढे टाकला, आणि तो नेमका आत टाकला.

त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा पहिल्या मजल्यापर्यंत खुळखुळत गेला. ते स्वतः जागेवरच राहिले, डाव्या मनगटावर सगळा भार देऊन.

आई, ताई, काकू, सगळी दारं एकदम उघडली. ताईनं मनगट हातात घेतलं, बोटं हलवून पाहिली. "मोडलं नसावं. पण एक्स-रे काढा." बघता बघता मनगटाला गोळा आला. वकील त्या सुजेकडे पाहत राहिला. अशी सूज त्याला सकाळी मिळाली असती तर.

"तुला माहीत होतं इथे पाणी आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्हणून तर खुणा केल्या होत्या."

"म्हणजे माहीत होतं."

"इशारा दिला होता, काका. रिंगण हा इशारा आहे. तुम्ही समोर बघून चालायला हवं होतं. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. पडणाऱ्याचीही थोडी चूक."

"रिंगण बघायला वाकलो म्हणून तर पडलो मी. रिंगण नसतं तर भिंतीकडून सरळ वर गेलो असतो, रोज जातो तसा." सेक्रेटरींचा आवाज चढला. "आणि तू स्वतः कसा पडलास? पुस्तकात तोंड खुपसून ना? तुझी किती चूक?"

"तुझ्या पुस्तकात तो समंजस माणूस असतो ना," ताई मनगटाला रुमाल बांधता बांधता म्हणाली, "सगळं विचार करून वागणारा? त्यानं पाणी बघितल्यावर काय केलं असतं?"

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"फडकं आणलं असतं."

"आणलं होतं मी," आई दारातून म्हणाली. "यानं हात वर केला."

हे सेक्रेटरींनी ऐकलं. काकूंनीही ऐकलं. आणि वकिलाला पहिल्यांदा अंधुक जाणवलं की खटला चालू आहे, तीन घटकही जागच्या जागी आहेत, फक्त वादी आणि प्रतिवादी यांची अदलाबदल झालेली आहे. या अन्यायानं तो इतका खवळला की घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं. जो पहिला पडला त्यालाच पकडतात. पाणी सांडणारा मोकळा, आणि पाणी दाखवणारा गुन्हेगार.

"मी पाणी सांडलेलं नाही," तो म्हणाला.

"जपलंस तर," काकू म्हणाल्या.

आईनं पुन्हा फडकं काढलं. "आता तरी पुसू का?"

"खबरदार," सेक्रेटरी म्हणाले. "मी पडलोय. आता हा माझा पुरावा आहे. समितीपुढे दाखवल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

 मुद्दा वकिलाचाच होता.

एवढ्यात बाबा बाहेर आले. त्यांच्या एका हातात काकूंचा दुरुस्त झालेला मिक्सर होता, पहाटेपासून बसून एकदाचा पुरा केलेला. दुसऱ्या हातात वकिलाचं परीक्षेचं ओळखपत्र. घरात जेवायच्या टेबलावरच राहिलं होतं ते.

"साडेदहा वाजले," बाबा म्हणाले. हळू म्हणाले. "तू इथे काय करतोयस?"

"बाबा, तिथे थांबा. पुढे येऊ नका."

"मला थांब म्हणतोस? परीक्षा तुझी, आणि मी..."

बाबा रागानं वर निघाले. खडूच्या रेघेचा कुणालाही उपयोग होत नाही, हे दुसऱ्यांदा दिसून आलं. त्यांनी पडता पडता मिक्सर वाचवायचा प्रयत्न केला. पस्तीस वर्षांची सवय, गिऱ्हाइकाची वस्तू आधी. त्यामुळे कंबर आपटली आणि मिक्सरही सुटला. भांडं एका बाजूला गडगडलं आणि मोटर दुसऱ्या बाजूला.



"लागलं का हो?" आईनं विचारलं.

"कंबर," बाबा म्हणाले. मग मोटरीकडे बघून म्हणाले, "कॉइल गेली. परत."

"माझा मिक्सर," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा विचारी झाला. "म्हणजे आता माझंही नुकसान झालं. होय ना रे वकिला?"

ताईनं खाली उतरून बाबांना आधार दिला, ओळखपत्र उचललं, पँटीला पुसलं आणि वकिलाच्या खिशात कोंबलं. "जा," ती म्हणाली. "भिंतीकडून जा."

वकील भिंतीकडून गेला.

परीक्षेच्या खोलीवर पोचला तेव्हा पहिली घंटा होऊन बराच वेळ झाला होता. पर्यवेक्षकांनी घड्याळ पाहिलं, त्याच्या ओल्या चपलांकडे पाहिलं आणि आत जाऊ दिलं. पेपरात पाच प्रश्न होते. पहिला होता: निष्काळजीपणाचे घटक सांगा आणि एका उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.

एका उदाहरणाच्या आधारे. वकिलानं पेन उघडलं.

घटक अर्ध्या पानात झाले. मग उदाहरण सुरू झालं. सार्वजनिक जिना, अज्ञात पाणी, प्रामाणिक विद्यार्थी. जो माणूस धोका जगापुढे आणतो त्यालाच धोक्याचा धनी ठरवणं कसं अन्यायाचं आहे, हे त्यानं तीन बाजूंनी मांडलं. रिंगणावर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला. इशारा पुरेसा कधी मानावा यावर दोन. मग सेक्रेटरींच्या बाजूनं हरकत घेतली आणि ती खोडून काढली. काकूंच्या बाजूनं घेतली, तीही खोडली. ताईचं फडकं मात्र खोडता येईना. त्यावर त्यानं सलग चार पानं घालवली, जोडपत्र मागितलं, आणखी एक मागितलं. पर्यवेक्षक दर वेळी आदरानं आणून देत होते. हात दुखत होता, मान अवघडली होती, आणि कुणीतरी आपलं ऐकून घेतंय याचं समाधान आज पहिल्यांदाच होत होतं.

शेवटची घंटा झाली तेव्हा तो "यावरून असे दिसून येते की" इथे होता. बाकीच्या चार प्रश्नांना हात लागला नव्हता.

ताजी परिस्थिती अशी. सेक्रेटरींचं मनगट मोडलेलं नाही, मुरगळलेलं आहे. तरी समितीच्या बैठकीत ते हात वर धरूनच बसतात. बाबांची कंबर ताईच्या मते आठवडाभरात ठीक होईल, बाबांच्या मते नाही. काकूंनी मिक्सर दुरुस्तीला परत द्यायचं नाकारलं आहे, कारण तो आता पुरावा आहे. जिन्यातलं पाणी जागेवर आहे. ते वाळत नाही, म्हणजे कुठून तरी येतंय, पण कुठून ते कळलेलं नाही. प्लंबर येऊन गेला. त्याचं म्हणणं, एकदा कोरडं पुसा, मग कुठून पाझरतं ते बघू. पुसायला पडलेल्या आणि नुकसान झालेल्या सगळ्यांची लेखी संमती लागेल असं सेक्रेटरींनी सांगितलं, आणि काकू सही करायला तयार नाहीत. वकीलही नाही. मंडळी भिंतीकडून येतात-जातात.

निकाल अजून लागलेला नाही. बाबांनी दुकानात एक नवी खुर्ची आणून ठेवली आहे. गिऱ्हाइकांसाठी आहे, असं ते सांगतात. गिऱ्हाईक बसलं की उठवतात.