आंदणातली गाडी आणि तटस्थ इतिहासकार

कोणत्याही संस्कृतीचा उदय नदीकाठी होतो, असे पाठ्यपुस्तकात दिलेले आहे. वर्धा जिल्ह्यातील मोटारसायकल संस्कृतीचा उदय मात्र लग्नाच्या मांडवात झाला, हे सिद्ध करायला प्रा. सदाशिवराव भोयर यांना बारा वर्षे लागली. (नदी होतीच, पण तिच्या काठी पेट्रोल पंप नव्हता.)

प्राध्यापक सेलूला इतिहास शिकवत. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नसल्यामुळे अभ्यासाला लागणारी अलिप्तता आपोआप आलेली होती. नव्वद सालापासून सुट्टीच्या दिवशी ते कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून जिल्हाभर फिरले आणि पाठीमागून दिसला तेवढा इतिहास त्यांनी टिपला. कालखंड तीन पाडले: राजदूत काळ (गाडीला दुधाचे कॅन लटकत), बुलेट काळ (गाडी सरपंचाच्या दारात उभी असे, सुरू होणे बंधनकारक नव्हते) आणि लिटरमध्ये ऐंशीचा काळ, ज्यात माणसे देवाचे नाव घ्यावे तसे ॲव्हरेज सांगू लागली.

मुख्य निष्कर्ष असा की, शंभरातल्या ब्याण्णव गाड्या आंदणात आलेल्या होत्या. उरलेल्या आठ जणांपैकी तिघे अविवाहित होते आणि पाच जण प्रश्न ऐकताच अर्धा चहा टाकून म्हशी पाहायला गेले. त्याहून थोर गोष्ट म्हणजे एकाही वरपक्षाने गाडी मागितलेली नव्हती. सगळीकडे एकच वाक्य उच्चारले गेले होते: "आमचं काहीच मागणं नाई. फक्त पोराले ड्युटीवर जायले तरास होते, तेवढं पाहून घेजा." न मागता ब्याण्णव गाड्या मिळवणारा समाज जगात दुसरा नसावा, असे प्राध्यापकांनी साभिमान लिहिले. खंत एकच होती. हे मूळ वाक्य त्यांना वधूपित्यांच्या आठवणींतूनच मिळाले होते. कुणाच्या तोंडून ताजे ऐकलेले नव्हते.

घरात मुलगी रक्षा होती. ती शाळेत गणित शिकवायची, म्हणून जरा सरळ बोलायची.

"बाबा, माह्या मांडवासमोर गाडी दिसली तं मी आत पाय नाई ठेवणार."

"अवं, मी पुस्तक लिहून राह्यलो याच्यावर. मी काऊन देईन?" असा त्यांनी शब्द दिला.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात समुद्रपूरची मंडळी रक्षाला पाहायला आली. मुलगा धीरज हिंगणघाटला नोकरीला होता आणि घरच्यांसमोर बोलत नसे. बोलायला मामा होते, बापूराव. पोहे संपले. बापूरावांनी मिशा पुसल्या आणि ते वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न होता, उच्चारले.

प्राध्यापकांचे डोळे भरून आले. "वा! बापूराव, पुन्हा एकदा म्हणा न. हळू म्हणा."

बापूरावांच्या वाक्याला असा मान कधी मिळाला नव्हता. त्यांनी पुन्हा म्हटले. मग अर्थातच साखर वाटली गेली आणि लग्न पक्के झाले.

पाहुणे गेल्यावर रक्षा म्हणाली, "बाबा, तुमाले समजलं का, काय म्हणून गेले ते?"

"समजलं न! शब्दन् शब्द."

"आन् तुमी काय म्हटलं?"

प्राध्यापकांनी आठवून पाहिले. त्यांनी 'वा' म्हटले होते.

अजूनही नकार देता आला असता. पण पुस्तक छापायला गेलेले होते आणि शेवटच्या प्रकरणात स्पष्ट वाक्य होते: 'नाही म्हणणारा वधूपिता जिल्ह्यात आढळला नाही.' संशोधकाने स्वतःच पुरावा बिघडवणे ही विद्येशी बेइमानी ठरली असती. म्हणून त्यांनी गाडी घेतली. (पत्नी शकुबाईंनी हाच निर्णय 'लोक काय म्हणतील' एवढ्यावर घेतला होता, पण त्यांना तळटिपा लागत नसत.)

लग्नाच्या दिवशी मांडवासमोर गाडी उभी राहिली. टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, हँडलला लिंबू-मिरची. धीरजचे तिच्यावर बसून फोटो झाले. रक्षा शालू नेसून मांडवाच्या तोंडाशी आली आणि थांबली.

"बाबा, मी सांगतलं होतं."

"पोरी, आमी कुठं मांगतली?" बापूराव म्हणाले.

"नाई मांगतली न मामाजी? मंग राहू द्या इथंच."

बापूरावांनी पुन्हा मिशा पुसल्या; या वेळी पोहे झालेले नव्हते. धीरजने एकदा रक्षाकडे पाहिले, एकदा गाडीकडे, आणि गाडीवरची नजर त्याला लवकर काढता आली नाही. तेवढ्यात रक्षाचा निर्णय झाला. वरात परत गेली. (जेवून.)

गाडी घरीच राहिली. रक्षा ती चालवायला शिकली आणि तिच्यावरून शाळेत जाऊ लागली. प्राध्यापक मागे बसतात आणि 'हळू चालव' म्हणतात. छापखान्यात जाऊन त्यांनी शेवटचे प्रकरण सुधारून घेतले: 'नाही म्हणणारा वधूपिता आढळला नाही, वधू एक आढळली.'

वर्ध्याला पुस्तकाचे प्रकाशन झाले. ब्याण्णवचा आकडा ऐकून सभागृह पोट धरून हसले. शेवटी प्राध्यापकांनी नम्रपणे विनंती केली, की बाहेर लावलेली गाडी ज्यांनी स्वतः घेतली असेल, त्यांनी हात वर करावा. पुढच्या रांगा कार्यक्रमपत्रिका वाचू लागल्या. मागच्या रांगेतून एक हात वर गेला. त्या गृहस्थांना पाणी हवे होते.

वाचकांचे दोन्ही हात सध्या हे पुस्तक धरण्यात गुंतलेले आहेत, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे.