साठ टक्के वारा

घरात स्टँडचा फॅन घ्यायचा हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तो मुनव्वरकडून घ्यायचा नाही, हे मी एकट्याने ठरवलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मुनव्वर माझा शाळेपासूनचा मित्र. शिरोड्याच्या बाजारात त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याच्याकडे काही घ्यायला गेलं की तो आधी चहा मागवतो, मग घरच्यांची चौकशी करतो, मग आपली शाळा निघते, आणि शेवटी आपल्याला हवा असलेला फॅन राहतो बाजूला आणि त्याला खपवायचा असलेला फॅन आपण खांद्यावर टाकून घरी येतो. मित्राशी भांडता येत नाही. कंपनीशी येतं. शिवाय मी विकास सोसायटीत क्लार्क आहे, माझ्या अर्जांना तालुक्याच्या ठिकाणाहून उत्तरं येतात (उशिरा येतात, पण येतात). तेव्हा मोबाइलवरून फॅन मागवायचा आणि कुठे काही वाकडं झालंच तर कंपनीला सरळ करायचं, असा माझा हिशेब होता.

"मुनव्वरभाईंका काय वाटात?" शेवंती, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"त्येका सांगतलो कोण?" मी म्हटलं.

फॅन आला. मी तो स्वतः जोडला. दिसायला राजबिंडा! रविवारी बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर जेवून मी त्याच्यासमोर सतरंजी टाकली आणि आडवा झालो. वारा असा आला, की मुनव्वरची थोडी दयाच वाटली.

डोळा लागला असेल-नसेल, घामाने जाग आली. कपाळ भिजलेलं, बनियन चिकटलेलं, आणि पाय मात्र बर्फ! उठून बघतो तर फॅनने मान खाली घातलेली. गणित न आल्यावर मी जशी मास्तरांसमोर घालायचो, तशी. मी ती वर केली. फॅन ताठ झाला. मी आडवा होताच 'टिक' असा आवाज आला, मग आणखी एक 'टिक', आणि बघता बघता साहेबांची नजर पुन्हा जमिनीवर. जमिनीला वारा, मला उकाडा.

"शेवंती! फॅन डिफेक्टिव्ह निघालो गो!"

शेवंती आली. तिने फॅनकडे पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर देव पावल्याचा भाव आला. ती आत गेली आणि कोकमाच्या सोलांनी भरलेली दोन सुपं घेऊन आली. मे महिना संपत आला होता, आभाळ धरलेलं, ऊन धड पडत नव्हतं, आणि तिची सोलं ओली राहून बुरशीला आली होती. त्या सोलांवरच तिची मुंबईची बहीण, नणंद आणि शेजारच्या हौसाबाई वर्षभर अवलंबून असतात. तिने सुपं फॅनपुढे मांडली.

"ह्येका डिफेक्टिव्ह म्हणतास तुमी?" ती म्हणाली. "असो शाणो फॅन मी बघूक नाय."

आता मी काही सोलं नाही. मी कंपनीच्या ॲपवर तक्रार केली. तिथे माणूस नसतो, 'मैत्री' नावाची कोणी मशिनी सहायिका असते. मी रीतसर विषय घालून लिहिलं: "आपल्याकडून प्राप्त झालेला फॅन चालू केल्यावर मान खाली घालतो, सबब पूर्ण रक्कम परत मिळावी." माझं मराठी बहुधा आधी इंग्रजीत गेलं आणि तिथून हवापाणी बदलून परत आलं. कारण उत्तर आलं:

"प्रिय गुरुदास, आपला चाहता मान खाली घालतो हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. आपण आपल्या चाहत्याला चालू-बंद करून पाहिले का?"

मी "होय" म्हटलं.

"धन्यवाद. आपला चाहता आपल्याला अंशतः आनंद देत आहे. म्हणून आम्ही चाळीस टक्के रक्कम परत करू. चाहता आपल्याकडेच ठेवावा."

हे वाचत असताना शेवंती चहा घेऊन मागे उभी होती. चहा स्टुलावर जरा जोरातच ठेवला गेला.

"ही मैत्री कोण?"

"मशीन आसा गो ता."

"आणि तुमचो चाहतो खंयचो? आनंद कसलो देता तुमका?"

"फॅन! फॅन म्हणजे चाहता!"

"फॅन म्हणजे फॅन," ती म्हणाली. "माका शिकवू नुको." (एरवी ती मला अहो-जाहो करते.)

तिची समजूत घालून मी पुन्हा लढायला बसलो. चाळीस टक्के म्हणजे काय? म्हणजे साठ टक्के वारा मला मिळतो असं कंपनीचं म्हणणं! मी लिहिलं, की फॅन मी डोक्यासाठी घेतला आहे, पायांना माझ्या उकडत नाही. उद्या न्हाव्याने अर्धी दाढी करून अर्धेच पैसे मागितले, तर मी त्याच तोंडाने सोसायटीत जायचं का? हा मुद्दा मला स्वतःलाच इतका आवडला, की मी तो शेवंतीला मोठ्याने वाचून दाखवला. ती सोलं उलटी करत होती. मैत्रीने मात्र माघार घेतली आणि कळवलं, की स्थानिक इलेक्ट्रिशियनने फॅन तपासून व्हिडिओ काढावा आणि तो पाठवावा.

इथे मी अडलो. शिरोड्यात माझ्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन एकच.

दुकानात गेलो. मुनव्वरने चहा मागवला.

"घरची बरी आसत?"

"बरी आसत. मुनव्वर, वायच घराक येशीत?"

"फॅन बिघडलो?"

"तुका कोणी सांगल्यान?"

"मेल्या, पार्सलवालो तुजा घर इचारीत हयसरच इल्लो. खोक्यार फॅनाचो ह्यो एवढो फोटो! मियाच दाखवलंय त्येका तुजी वाट." आणि वर म्हणाला, "चहा पी, थंड जाता."

तो चहा मी कसा प्यालो ते मलाच ठाऊक.

मुनव्वर घरी आला. फॅनच्या मानेवरून त्याने एकदा हात फिरवला आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "हो स्क्रू आत धरूक नाय. दोन मिनटाचा काम. करतंय."

"हात लावू नुको!" मी मध्ये पडलो. "पुरावो आसा तो!"

"मगे माका कित्याक बोलवलंस?"

"बिघडलो म्हणान सांगूक."

"ता तू सांग."

"माजा ऐकनत नाय."

"तुजा कोण ऐकता?" मुनव्वरने विचारलं. खवचटपणे नव्हे, अगदी मनापासून विचारलं, हेच लागलं.

मोबाइल त्याच्या हातात देऊन मी फॅन चालू केला. फॅन ताठ. आम्ही वाट पाहिली. फॅन ताठच. सरहद्दीवरचा जवानही एवढा ताठ उभा राहत नसेल. मुनव्वरचा हात अवघडला, शेवंती सोलं ओलीच राहतील म्हणून कासावीस झाली, आणि मी फॅनला मनातल्या मनात शिव्या देऊ लागलो.

"गुरुदास, तुज्या फॅनाक लाज वाटता चारचौघांत," मुनव्वर म्हणाला.

तेवढ्यात 'टिक' झालं. मग आणखी एक. मान गेली खाली! "वाकलो! वाकलो! बघा वाकलो!" मी आनंदाने नाचलोच. व्हिडिओ लगेच पाठवला, पाठवण्याआधी बघायला हवा होता हे नंतर कळलं. कंपनीचं उत्तर आलं: "व्हिडिओमध्ये उत्पादन दिसत नाही. लुंगी नेसलेल्या एका व्यक्तीची पाठ दिसते. ती व्यक्ती 'वाकलो' असे सांगत आहे, परंतु वाकलेली दिसत नाही."

तरी कंपनीने चौकशीसाठी फोन करायचं कबूल केलं. फोन आला तेव्हा मी परसात आंघोळीला गेलो होतो. साबण लावलेला, आणि आतून शेवंतीचा आवाज:

"फॅन? फॅन बरोच आसा!... नाय गो बाय, तक्रार कसली?... व्हय, मान घालता मां! कितीय वर करा, परत घालता. म्हणान तर सगळो वारो सोलांर जाता!... सोलां गो, सोलां. कोकमाची. तू खंयची? पुण्याची? मगे तुका कशी म्हायत? ये एकदा, सोलकढी देतंय."

मी साबणासकट धावत आलो, पण फोन ठेवलेला. ॲपवर लिहून आलं होतं: "ग्राहक समाधानी. प्रकरण बंद."

दुसरा कोणी असता तर चाळीस टक्के घेऊन गप्प बसला असता. मी क्लार्क आहे. बंद झालेली प्रकरणं उघडण्यात माझी हयात गेली. मी फोन लावला, सकाळच्याच पुण्याच्या मॅडम मिळाल्या, सलोनी नावाच्या, आणि मी शुद्ध मराठीत विचारलं, "मॅडम, आपले फोन रेकॉर्ड होतात ना?"

"हो सर, गुणवत्तेसाठी."

"मग सकाळचं रेकॉर्डिंग साहेबांना ऐकवा. फॅन मान घालतो, कितीही वर केली तरी परत घालतो, ही साक्ष त्यात आहे. आणि ती फिर्यादीच्या बाजूची नाही. फॅनच्या बाजूची आहे!"

मग मॅडमनी होल्डवर ठेवलं. संगीत वाजलं. शेवंतीने बोट नाकाला लावून माझ्याकडे पाहिलं. मग एका साहेबांचा आवाज आला, आणि त्यांनी पूर्ण, अगदी शंभर टक्के रक्कम मान्य केली. फक्त फॅन परत न्यायला माणूस येईल म्हणाले.

मी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने वळलो.

"फॅन परत नेतले?" शेवंतीने विचारलं.

"मगे? जिंकलंय मी!"

"आणि सोलां?"

या मुद्द्याचा मी विचार केलेला नव्हता. माणूस आला तेव्हा सोलं अर्धीच वाळली होती. शेवंती फॅन आणि दार यांच्या मध्ये उभी राहिली. तो बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचा. शेवटी तीच बाजूला झाली, सुपं उचलली आणि आत गेली. फॅन गेला. त्या दिवशी जेवणात आमटी होती, मासळी होती, मीठ मात्र कशातच नव्हतं.

पैसे खात्यात जमा झाले त्या संध्याकाळी तिने लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "चला बाजारात."

मुनव्वरने चहा मागवला. मग म्हणाला, "बोला वैनी."

"मान घालणारो फॅन व्हयो."

"तसो कंपनी बनवणा नाय," मुनव्वर म्हणाला, "पण मी बनवतंय." त्याने स्टँडचा एक नवाकोरा फॅन पुढे ओढला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मानेपाशी नेला, आणि थांबला. माझ्याकडे बघितलं.

"गुरुदास, आधी लिवन दी."

"काय?"

"फॅन बरो होतो, गिऱ्हायकाच्या सांगण्यान बिघडवलो, असा. ह्या वयात माका तुजे अर्ज झेपूचे नाय."

मी कागद मागवला. राग आला होता, पण काम हातात घेतलं की मी ते चोख करतो. सदर दुकानदाराने फॅन सुस्थितीत दाखवला असून, तो ग्राहकाच्या लेखी विनंतीवरून व कोणत्याही दबावाशिवाय सदोष करण्यात येत आहे, वगैरे एक पानभर मजकूर मी एकटाकी उतरवला. मुनव्वरने तो दोनदा वाचला. "झकास!" म्हणाला. मी खिशातलं पेन उघडलं आणि सहीला वाकलो.

त्याने कागद अलगद काढून घेतला आणि शेवंतीपुढे ठेवला. "सही वैनींची. तुजो काय भरवसो?"

शेवंतीने सही केली. खाली साक्षीदारांसाठी दोन जागा होत्या. पहिल्या जागी चहावाल्या बाबूने केली. दुसरी मला मिळाली.