चंद्री व्यायला झाली

हमरापुरात गणपतीचे डोळे आखावेत तर विलासने, असं सगळे म्हणत आणि विलासही त्यांना अडवत नसे. आपण नजरेचे पक्के, यावर त्याचा स्वतःचा फार विश्वास. बायकोचा मात्र गेल्या वर्षीपासून उडाला होता. ती पेणला बाजाराला गेली असताना तिची लाडकी शेळी चंद्री गोठ्यात व्याली, आणि विलास भिंतीपलीकडच्या कारखान्यात मुकुटावर खडे चिकटवत बसला होता. पिल्लाच्या नाकातोंडावरचा चिकटा पुसायला कुणी नव्हतं. करडू गेलं. नमिता त्याला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच त्याला सोसलं नव्हतं.

यंदा चंद्रीचे दिवस भरत आले आणि नेमका तेव्हाच रोह्याला नमिताच्या भाचीचा साखरपुडा निघाला. विलास स्वतःहून म्हणाला, "तू जा गो. मी हाय ना."

"तुमी हायत म्हणूनच पाय निघत नाय," नमिता म्हणाली. पण भावाच्या घरचं पहिलंच कार्य. निघता निघता तिने लक्षणं सांगितली. कास तट्ट फुगते आणि चकाकते. शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडतात. चारा सुटतो, शेळी जमीन उकरते, आणि मागून चिकट पांढरं दिसलं की मग काही भरवसा नाही. "तेवढं दिसलं की फोन करा. मी असेन तशी निघेन."

या वेळी चूक नको म्हणून विलासने चंद्रीला गोठ्यातून आणून थेट कारखान्यात, आपल्या डोळ्यांसमोर बांधली. तिथे पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिलेल्या मूर्ती ओळीने वाळत होत्या. एका मूर्तीला रंग मारायचा आणि एकदा चंद्रीकडे बघायचं, असं त्याचं चाललं होतं. थोड्या वेळाने चंद्रीने पाल्याला तोंड लावून ते फिरवलं. कारखान्यातल्या पाल्याला रंगाचा वास येत होता, पण विलासला त्यात लक्षण दिसलं. मग तिने प्लास्टरची भुकटी पायाने उकरली. दुसरं लक्षण. आणि ती वळली तेव्हा शेपटीखाली चांगला पांढराशुभ्र ओघळ होता.

त्याने फोन लावला. "नमे, नीघ."

"काय दिसलं?"

"सगळंच."

"चिकट पांढरं?"

"चांगलं ओघळलंय."

रोह्याला भाची नुकती पाटावर बसली होती. नमिताने हातातलं ओटीचं ताट कुणाच्या तरी हातात कोंबलं. ऐन वेळी गाडी कुठली मिळणार, म्हणून तिचा भाऊ कमळाकर, म्हणजे खुद्द मुलीचा बाप, फेटा बांधलेला तसाच स्टिअरिंगवर बसला. नागोठण्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये त्याला व्याह्यांचे फोन सुरू झाले. "अंगठी थांबवू का घालू?" असं ते विचारत होते आणि कमळाकर म्हणत होता, "थांबवा, आमची शेळी व्यायला झालीय."

इकडे विलासने पाणी तापवून, पोती अंथरून, अर्धी आळी जमा केली होती. नमिता पैठणी सावरत चंद्रीमागे उकिडवी बसली. तिने तो पांढरा ओघळ दोन बोटांत घेतला, चोळला, हुंगला.

"हा तुमचा रंग हाय," ती म्हणाली.

मागच्या ओल्या मूर्तीच्या पोटावर चंद्रीने मागचं अंग घासल्याची खूण स्पष्ट उमटलेली होती. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून पांगल्या. कमळाकरने फेटा काढून हातात घेतला. "भावोजी, माझे व्याही मांडवात बसलेत. त्यांना काय सांगू?"

"सांगा, खोटी कळ होती," विलास म्हणाला.

कुणीही हसलं नाही. नमिताने चंद्रीला गोठ्यात नेऊन बांधलं आणि गाडीत बसताना एवढंच बजावलं, "आता करडू वरडल्याबिगर फोन करू नका."

त्यानंतर विलासचा आपल्या नजरेवरचा विश्वास पार गेला. चंद्रीची कास चकाकत होती, पण ते ऊन असेल. शेपटीशी खळगे होते, ते बहुतेक जन्मापासूनचे. ती उकरत होती, उकरू दे. दुपारी पाणी द्यायला म्हणून तो गोठ्यात गेला, तर शेळीच्या मागून दोन इवले खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक बाहेर आलेलं.

त्याने पटकन पोतं अंथरलं. करडू पोत्यावर पडलं ते चिकट पडद्यात गुंडाळलेलं, आणि हलेना. विलासला गेल्या वर्षीचं करडू आठवलं. त्याने बोटांनी तोंड मोकळं केलं, सदरा काढून खसाखसा अंग पुसलं, पेंढ्यातली काडी घेऊन नाकात फिरवली. करडू शिंकलं. मग ओरडलं. विलास तिथेच लेंड्यांत बसून पोरासारखा रडला.

संध्याकाळी नमिता परतली. अंगठ्या एकदाच्या घालून झाल्या होत्या. कासेला लागलेलं करडू बघून तिचेही डोळे भरले. "येळेवर कळलं कसं तुमाला?"

काहीच कळलं नव्हतं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण नमिता लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्याकडे अशी कौतुकाने बघत होती. विलास म्हणाला, "त्याला नजर पायजे गो."

तिने ते आळीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच खालच्या आळीतला नाथा एक गलेलठ्ठ जनावर दोरीला धरून कारखान्याच्या दारात उभा. "विलासभाऊ, जरा बघता का?"

विलासने ब्रश ठेवला, हात पुसले आणि जनावराच्या डोळ्यांत खोल पाहिलं. पोटावरून हात फिरवला. "पोट खाली उतरलंय. सांजच्या आत मोकळी होईल. पाणी तापवून ठेव."

नाथाने जनावराचं मागचं अंग विलासकडे वळवलं.

"भाऊ, बोकड हाय ह्यो. नवसाचा. शिंगं रंगवून पायजेत."

आत नमिताच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती. विलासने सोनेरी रंगाचा डबा उघडला आणि मान वर न करता विचारलं, "दोनी शिंगं?"